रक्ताच्या तारखा

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा उघडल्या. घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या पाण्याच्या कडेला आमची दोन शिक्षकी शाळा. फाटकाला आंब्याचे टाळे बांधले, पहिलीत आलेल्या सात मुलांना औक्षण केलं, गुलाबाचं एकेक फूल दिलं. त्याच वेळी माझी स्वतःची मुलगी मंचरला पाचवीच्या नव्या शाळेत शिरत होती, शेजारच्या काकूंच्या स्कूटीवर मागं बसून. तिचे पप्पा धाकट्याला घेऊन पहाटे पाचलाच पुण्याला निघाले होते. रक्ताची तारीख आजचीच होती.

दर २१ दिवसांनी रक्त चढवायची ही तारीख येते. धाकटा आठ महिन्यांचा असताना थॅलेसेमिया मेजर निघाला, आता तो पाच वर्षांचा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल गोल काढलेले असतात. लग्नं, जत्रा, परीक्षा, कांदा काढणी, सगळं त्या गोलांच्या मधल्या जागेत बसवायचं.

संध्याकाळी मळ्यात पोचले तर मुलगी, आमची ताई, ओट्यावर वह्यांना कव्हर घालत बसलेली. मी विचारलं, "कसा गेला पहिला दिवस?" ती म्हणाली, "चांगला. बाळाचं किती पॉइंट होतं आज?" हिमोग्लोबिन साडेआठ होतं. तिनं मान हलवली, मोठ्या माणसासारखी. सासूबाई आतून म्हणाल्या, "लई समजूतदार पोर. हिचा काही म्हणून तरास नाही."

ऐकून बरं वाटलं. आता रात्री लिहिताना तेवढं बरं वाटत नाही. नव्या शाळेबद्दल तिनं मला काहीच सांगितलं नाही, आणि मीही दुसरा प्रश्न विचारला नाही.

२५ जून, मंगळवार

तिसरीतला एक मुलगा शाळा उघडल्यापासून चारच दिवस आला. हजेरीपटावर लाल शाईनं गै. गै. गै. आज आला तेव्हा मी चिडूनच विचारलं, "कुठं असतोस रे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दादाकडं."

मला वाटलं, भावासोबत गुरामागं जात असेल. मधल्या सुट्टीत चौथीतल्या मुली सांगायला आल्या, "बाई, त्याच्या दादाला फिट येती. आई आवणीला गेली की हा त्याच्याजवळ बसतो."

दादा बारा वर्षांचा. हा आठ वर्षांचा.

६ जुलै, शनिवार

रक्त. आज मी गेले. रजेचा अर्ज आधीच दिला होता. मोशीपासून गाडी हलेना, पोचायलाच साडेनऊ. आधी तपासणी, मग क्रॉस-मॅचिंग, मग पिशवी. थेंब थेंब चार तास. धाकटा आता सुईला रडत नाही, नर्सताईंना स्वतःच सांगतो, "ह्या हाताला नको, त्या हाताला."

निघताना ताईचं पोट दुखत होतं. ओवा दिला आणि निघाले.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी. शाळेला सुट्टी. पुष्कळ दिवसांनी ताईला एकटीला घेऊन निघाले. धाकट्यानं दारात धिंगाणा घातला, सासूबाईंनी त्याला शेंगदाण्याच्या लाडवाचं आमिष दाखवलं. मंचर-नारायणगाव, तिथून आळेफाटा. एसटीत वारकऱ्यांची गर्दी, खिडकीतून भिजलेलं शिवार. आळ्याला रेड्याची समाधी बघायची होती. ज्या रेड्याच्या मुखातून पैठणला वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर इथं शांत झाला आणि ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली, अशी आपल्याकडची श्रद्धा.

रांगेत उभ्या उभ्या मी तिला चारी भावंडांची गोष्ट सांगितली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, मागं ही चार पोरं. निवृत्ती थोरला, मुक्ताई सगळ्यांत धाकटी. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभं राहून मुक्ताईनं त्यांची समजूत काढली. ते ताटीचे अभंग.

ताईनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "आणि मुक्ताबाई रुसली की तिची समजूत कोण काढायचं?"

मला उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी मनातच आला नव्हता. आम्ही बाहेर येऊन फराळी चिवडा घेतला. ती दोन तास अखंड बोलत होती: नव्या शाळेतले सर किती मोठ्यानं ओरडतात, बाकावरची मुलगी डबा खाऊ देत नाही, तिला खोखोच्या संघात घेतलंय. खोखोच्या संघात घेतल्याला तीन आठवडे झाले होते.

२७ जुलै, शनिवार

आजचा दिवस लिहिताना हात थरथरतो.

रक्ताला दोघंही गेलो होतो, कारण आज फेरिटिन बघून डॉक्टर लोह उतरवायच्या गोळ्यांचा डोस वाढवणार होते. रक्तासोबत शरीरात लोह साठत जातं, ते यकृतात आणि हृदयात बसतं, म्हणून रोजची गोळी पाण्यात विरघळवून पाजायची. दवाखान्यातच चार वाजले. चाकणला दीड तास अडकलो. वर पाऊस. आठ वाजले तरी राजगुरुनगरच्या अलीकडेच.

सव्वाआठला ताईचा फोन. दबक्या आवाजात. "आई, लाइट गेलीये. कुत्रं ओरडायचं थांबलं. उसात वाघ आलाय." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. जुन्नर, आंबेगाव, इकडं शिरूरपर्यंत ऊस वाढला आणि बिबट्यानं उसातच संसार मांडला. पिल्लं तिथंच जन्मतात, तिथंच मोठी होतात. तिन्हीसांजेनंतर मळ्यात कुणी पोरांना अंगणात सोडत नाही. घरात दहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी अधू झालेली आजी.

तिनं दाराला आतून पाटा लावला, ताट-पळी घेऊन वाजवत बसली आणि आजीला सांगितलं, "तू झोप, मी आहे." आम्ही साडेनऊला पोचलो. पाठोपाठ वस्तीवरची माणसं गोठ्यामागचे ठसे बघून गेली. जो तो ताईच्या पाठीवर थाप मारत होता. वाघीण आहे वाघीण.

ती हसत होती. रात्री मात्र माझ्या कुशीत शिरली ती अंग आखडून. पोट दुखतंय म्हणाली. आणि एकदम डोक्यात आलं. उठले, कालनिर्णय काढला, आठवून आठवून तारखा लावल्या. १४ जूनला पोटदुखी. ५-६ जुलैला पोटदुखी. २६-२७ जुलैला पोटदुखी. मे महिन्यात मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं, तेही रक्ताच्या आदल्याच दिवशी.

लाल गोल एकाच्या रक्ताचे आहेत असं मी समजत होते. पोट दुसरीचं दुखत होतं.

४ ऑगस्ट, रविवार

दुपारी तिला विचारलं, सरळ विचारलं. "रक्ताच्या दिवशी तुला काय वाटतं?"

"काही नाही."

मी भाजी निवडत राहिले, तिच्याकडे न बघता. बघितलं की ती समजूतदार होते. गवारीचा अर्धा ढीग झाला तेव्हा ती म्हणाली, "माझ्यामुळंच जावं लागतं ना तुम्हाला?"

"तुझ्यामुळं कसं?"

"माझं जुळलं नाही ना."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात हिच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतला होता. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी धाकट्याशी तिचा एचएलए जुळतो का ते बघायचं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची. तिला म्हटलं होतं, "तोंड उघड, काही दुखत नाही." एवढंच. निकाल फोनवर आला, आम्ही दोघं चुलीपाशी बोललो, सासूबाई म्हणाल्या, "ताईचं जुळलं नाही, नशीब." ती तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती.

दोन वर्षं ही पोर एका परीक्षेत नापास झाल्यासारखी घरात वावरत होती, आणि त्या परीक्षेचं नावसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बांगड्यांचा डबा आणला. माझ्या म्हणून एक हिरवी आणि एक लाल ठेवली. पप्पांच्या म्हणून एक पिवळी, एक निळी. "प्रत्येक मुलाला आईची एक आणि पप्पांची एक मिळते. कुठली मिळेल ते कुणाच्याच हातात नाही. जोड्या लाव." तिनं लावल्या: हिरवी-पिवळी, हिरवी-निळी, लाल-पिवळी, लाल-निळी. चार. "बाळाला हिरवी-निळी आली. तुलाही तीच यायची शक्यता किती?" "चारातली एक." "तुला लाल-निळी आली. निम्मं जुळलं. कुणी काही चुकलं नाही."

तिनं जोड्या मोडून पुन्हा लावल्या. चार वेळा. "म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

मग तिनं विचारलं, "मलापण होईल का बाळासारखं?" हाही प्रश्न तिनं पाच वर्षं पोटात ठेवला होता. तिला सांगितलं, तुझं रक्त तपासलंय, तू माझ्यासारखी मायनर आहेस, मायनर म्हणजे आजार नाही. पुढं लग्न करशील तेव्हा मुलाचंही रक्त तपासायचं, तेवढंच. आमच्या वेळी पत्रिका जुळवल्या होत्या, किती गुण जुळले ते सासूबाईंना आजही पाठ आहे. रक्त कुणी तपासलं नव्हतं. दोघंही मायनर असलो तर प्रत्येक मुलामागं चारात एक मेजर, हे आम्हाला कळलं तेव्हा धाकटा पहिली पिशवी घेत होता.

मुलाच्या अंगातून काहीही तपासायला घ्यायचं असेल तर आधी त्याला सांगायला हवं, आणि निकालही सांगायला हवा. आठ वर्षांच्या मुलाला कळतं. बांगड्या पुरतात.

११ ऑगस्ट, रविवार

धाकटा झोपल्यावर वाचत बसले. यशस्वी अवयव आणि मज्जा रोपणाची सुरुवातच भावंडांपासून आहे. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. तिकडे डोनाल थॉमस यांनी मज्जा रोपणाचं तंत्र रुजवलं, तेही आधी जुळ्यांत, मग जुळणाऱ्या भावंडांत. दोघांना १९९० चं नोबेल एकत्र मिळालं. आपल्याकडे कोल इंडियाच्या मदतीनं २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालते, रोपणासाठी १० लाखांपर्यंत मिळतात, पण घरातला जुळणारा दाता हवा. सगळीकडे भावंडाकडे बघणं आहे ते दाता म्हणून.

थॉमस यांचं पुढचं काम ज्या सिएटलमध्ये झालं, त्याच गावात डॉन मेयर नावाच्या गृहस्थांनी ऐंशीच्या दशकात आजारी आणि दिव्यांग मुलांच्या भावंडांसाठी खास मेळावे सुरू केले. नाव सिबशॉप. तिथं मुलं आधी खेळतात, खातात, आणि मधेच बोलतात: मला राग येतो, मला लाज वाटते, मला भीती वाटते. समोरचा म्हणतो, मलापण. बस एवढंच. हे करायला मोठी इमारत लागत नाही. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातही होईल.

शार्प आणि रॉसिटर यांनी २००२ मध्ये अशा भावंडांवरचे पन्नासेक अभ्यास एकत्र करून पाहिले. परिणाम होतो, पण फार मोठा नाही. आणि ज्या आजारात रोज उपचार करावे लागतात तिथं जास्त होतो. एक गोष्ट मनात राहिली. भावंडांबद्दल आईबाप सांगतात ते चित्र मुलं स्वतः सांगतात त्याहून जास्त वाईट असतं. म्हणजे मी ताईला बिचारी समजू लागले तर तीही चूकच. तिला खोखो आवडतो. ती वर्गात जोक सांगते. हे मला तिच्या बाईंकडून कळलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. परवाच रक्त झालं. धाकट्याच्या उजव्या मनगटापाशी सुईचा डाग, ताईनं डाव्या हाताला राखी बांधली. त्यानं तिला पाच रुपये दिले आणि लगेच परत मागितले. मारामारी झाली. सासूबाई धावल्या, "अगं, त्याला लागंल!" मी म्हटलं, राहू द्या. थॅलेसेमियाच्या पोराला थोडी ढकलाढकल चालते, डॉक्टरांना विचारलंय.

आज एक प्रयोग केला. मागून तिला तिच्या नावानं हाक मारली. तीन हाका झाल्यावर वळली. धाकटा बोलू लागल्यापासून घरात, मळ्यात, दुकानात सगळेच तिला ताई म्हणतात. मी या वहीतसुद्धा.

२२ ऑगस्ट, गुरुवार

तिसरीतल्या मुलाच्या घरी गेले. आरोग्य खात्याच्या आशाताई सोबत होत्या. पाण्याच्या कडेनं अर्धा तास चाल. मोठा दादा पडवीत बसलेला, हसरा. त्याला गोळ्या सुरू आहेत, पण संपल्या की मधे आठ-दहा दिवस खंड पडतो, आणि खंड पडला की फिट येते. आशाताईंनी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणून द्यायचं कबूल केलं.

फिट आली की काय करतोस, असं तिसरीतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "कांदा हुंगवतो. दातात चमचा घालतो." त्याच्या अंगठ्यावर दातांचा व्रण होता. मी त्याला सांगितलं, करूनही दाखवलं: कुशीवर वळव, डोक्याखाली घोंगडी, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली तर मोठ्या माणसाला हाक मार, १०८ ला फोन. घरात घड्याळ नाही. त्याला घड्याळ कळतही नाही. मग ठरवलं, पाढे म्हणायचे. मी मोबाइलवर मोजलं: दोनपासून दहापर्यंत त्याच्या वेगानं नऊ पाढे म्हणायला साडेतीन-चार मिनिटं. दहाचा पाढा संपला तरी थांबली नाही तर पळत सुटायचं.

त्याची आई म्हणाली, "बाई, हाच लई शहाणा आहे, म्हणून तर मी कामाला जाते." दिवसाची मजुरी बुडाली तर घरात काय शिजणार, हे मला दिसत होतं. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. फक्त इतकं ठरलं की शाळेच्या वेळेत दादा आमच्या व्हरांड्यात येऊन बसेल. त्याचं नाव सातवीत माध्यमिकला आहे, पण तिथं तो जातच नाही. तोवर इथं.

५ सप्टेंबर, गुरुवार

हिशेबानं रक्ताची तारीख परवा, ७ ला. गणेश चतुर्थी. मागच्या आठवड्यात ताईनं पहिल्यांदा ठाम आवाजात सांगितलं, "गणपतीच्या दिवशी तुम्ही घरी पाहिजे." डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन दिवस आधी या, काही बिघडत नाही. पाच वर्षांत आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं! तारीख म्हणजे दगडावरची रेघ, असं धरून बसलो होतो.

आज शिक्षक दिन. शाळा मुलांनी चालवली. रक्त आजच उरकून पुण्याहून परतताना सहकारी शिक्षकांचा फोन आला: तिसरीतल्या त्या मुलानं मास्तर होऊन वर्गाकडून दहापर्यंत पाढे म्हणून घेतले. दादा शेवटच्या रांगेत बसला होता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

रक्त. धाकट्याचं दिव्यांग प्रमाणपत्राचं काम पुढं सरकलं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे. फॉर्ममध्ये आई, वडील, पालक असे रकाने. भावंडाचा रकाना नाही.

ताईचं पोट काल थोडं दुखलं. रोज रात्री अर्धा तास तिचा ठेवलाय. धाकटा पप्पांकडे, दार लोटलेलं. कधी ती काहीच बोलत नाही. कधी पत्ते खेळतो. परवा म्हणाली, "मला बाळाचा राग येतो." मी "असं म्हणू नये" म्हणणार होते, जीभ आवरली. "कधी येतो?" विचारलं. मग अर्धा तास पुरला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. माझा भाऊ ओतूरहून आला. दरवर्षी तो धाकट्याला आणि ताईला खाऊ आणतो, धाकट्याला जरा जास्त. या वेळी मी आधीच फोन केला होता. त्यानं ताईसाठी खोखोचे बूट आणले, तिच्या मापाचे. धाकट्यानं तोंड फुगवलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी. काल रात्री ताई म्हणाली, "उद्या माझं पोट दुखणार आहे, आताच सांगून ठेवते." मग थोड्या वेळानं, "मी येऊ का?"

आली. पाच वर्षांत पहिल्यांदा. पिशवी बघितली, नळी बघितली, थेंब मोजले. एका मिनिटाला किती पडतात ते नर्सताईंना विचारलं. पलीकडच्या खाटेवरच्या मुलाची बहीण, साधारण हिच्याच वयाची, खिडकीत बसली होती. दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जिन्याकडे गेल्या त्या तासभर आल्याच नाहीत. काय बोललात, असं मी विचारलं नाही.

सकाळी निघताना गाडीत भांडण झालं होतं. खिडकीची जागा कायम धाकट्याची, त्याला मळमळतं म्हणून. ताई आधीच तिथं जाऊन बसली होती. "आज माझी." धाकट्यानं भोकाड पसरलं. हे आरशातून माझ्याकडे बघू लागले. राजगुरुनगर येईपर्यंत तो रडत होता. मी जागा बदलली नाही.